ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे घड जिरतात, नुसती बाळीच निघते? कारण मे-जूनमध्ये शोधा

दरवर्षी ऑक्टोबर संपता संपता आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पूर्व भागात एकच वाक्य कानावर पडतं, द्राक्षबाग फुटली झकास पण घडच नाहीत. फूट लांबसडक, पानं तळहाताएवढी हिरवीगार, आणि जिथं घड पाहिजे तिथं बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा वेलीचा नुसता तंतू. कुठं दिसलाच तर वाटाण्याएवढा गोळी घड, आठ दिवसात तोही जिरतो, म्हणजे न वाढताच नाहीसा होतो. माझ्याच बागेत हे सलग तीन वर्षं झालं आणि त्यातली दोन वर्षं मी नेमका उलटा उपाय करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांब झालंय, पण ज्याच्या बागेत हे होतंय त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

आधी बागेची माहिती. तासगाव तालुक्यात २ एकर, सुपर सोनाका जातीची, डॉगरिज खुंटावर (कलमाचं मूळझाड), ९ बाय ५ फुटावर लावलेली. रानाला उतार आहे, वरच्या अंगाला मुरमाड आणि खाली ओढ्याकडं काळी चुनखडीची जमीन. ही उताराची गोष्ट ध्यानात ठेवा, सगळा उलगडा शेवटी तिथंच झाला.

२०२२ च्या ऑक्टोबर छाटणीला (ही फळासाठीची छाटणी) खालच्या ओळी पहिल्यांदा रिकाम्या निघाल्या. मला वाटलं झाडं थकली, मागच्या वर्षी माल जास्त धरला होता. सगळ्यांनी तेच सांगितलं, दुकानदारानं पण. मग पुढच्या खरड छाटणीला (ही एप्रिलमधली, नवीन काडी तयार करण्यासाठीची) एकरी ४ टन कोंबडखत टाकलं, वर पाऊस झाला की युरिया, पानं पिवळी दिसली की परत युरिया. २०२३ ला काय झालं तर खालच्या ओळी आणखी वाईट. मग औषधावर संशय, घडासाठी मारतो ते ६-बीए संजीवक भेसळीचं असणार म्हणून दुकान बदललं, सल्लागार बदलला. २०२४ ला तरीपण तेच. त्या दिवाळीत घरात कुणाचंच मन थाऱ्यावर नव्हतं, आई नुसती बागेतून चक्कर मारून यायची आणि काही न बोलता बसायची.

त्या वर्षी एक काम केलं जे पहिल्याच वर्षी करायला पाहिजे होतं. वही घेतली आणि प्रत्येक ओळीतल्या पाच-पाच झाडांचे घड मोजले. वरच्या मुरमाड भागात झाडाला ३५ ते ४० घड, मधल्या भागात २५ च्या आसपास, आणि ओढ्याकडच्या ओळींत ८ ते १२. छाटणी एकाच दिवशी, डोळे फुटण्यासाठीची पेस्ट त्याच माणसांनी लावलेली, फवारणी एकाच टाकीतली, खुंट तोच. मग औषध भेसळीचं असतं तर वरच्या ओळींत घड कसे आले? फरक फक्त दोनच गोष्टींचा होता, खाली पाणी साठतं आणि वरून धुपून आलेलं खत पण खालीच जमतं.

तर आता मूळ मुद्दा. ऑक्टोबरला जो घड बाहेर येतो तो ऑक्टोबरमध्ये तयार होत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यात तो बसतो, आपण ज्याला काडीतली गर्भधारणा म्हणतो ते हेच. आणि घड अन् बाळी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, डोळ्यात सुरवातीला एकच बारीक उंचवटा असतो, त्याचा घड होणार का बाळी हे त्या दिवसांत ठरतं. झाडातल्या संप्रेरकांत सायटोकायनिन जास्त असेल तर घड, जिबरेलिन जास्त असेल तर बाळी. सायटोकायनिन कुठं तयार होतं? मुख्यतः पांढऱ्या मुळीच्या टोकाला. जिबरेलिन वाढवणारे कोण? पळणारे शेंडे आणि कोवळी पानं. म्हणजे त्या ४० ते ७० दिवसांत मुळी गुदमरली आणि शेंडा पळत राहिला तर घडाची बाळी होणार, त्यात झाडाचा काही दोष नाही.

आता यात पाऊस आणि नत्र घाला. २०२५ ला मान्सून २४ मे ला केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्रात, त्याच्या आधीपासून वळवाचा पाऊस चालूच होता. ५ एप्रिलला खरड छाटणी केलेल्या बागेचा ४० वा दिवस येतो १५ मे ला आणि ७० वा १४ जूनला. म्हणजे बरोबर गर्भधारणेच्या काळात ढग, पाणी, ऊन नाही. त्या वर्षी ऑक्टोबरला चांगल्या चांगल्या बागाईतदारांच्या बागा रिकाम्या निघाल्या त्याचं कारण हेच.

पाऊस किती पडतो याचा आपल्याला नीट अंदाज नसतो. १ मिमी पाऊस म्हणजे एकरावर साधारण ४,००० लिटर पाणी. समजा एका रात्रीत ५० मिमी झाला, तर एकरात २ लाख लिटर. ९ बाय ५ ला एकरात ९६८ झाडं बसतात, म्हणजे झाडाला २०० लिटरच्या वर पाणी, तेही एका रात्रीत. आणि त्याच आठवड्यात आपण "जरा खत सोडायचं आहे" म्हणून ड्रिप चालू करतो. मी पण करायचो.

नत्राचा हिशेब तर अजून डोळे उघडणारा आहे. युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २१ किलो. कोंबडखतात २ ते ३ टक्के नत्र धरलं तर माझ्या ४ टनात ८० ते १२० किलो नत्र होतं, म्हणजे एकरी ४ ते ६ पोती युरिया मी "सेंद्रिय" म्हणून टाकत होतो आणि वर परत खरा युरिया. शिवाय कोरड्या तापलेल्या मातीवर पहिला पाऊस पडला की जीवाणू एकदम कामाला लागतात आणि मातीतलं, शेणखतातलं नत्र एका झटक्यात मोकळं होतं. वळवाच्या पावसानंतर बाग एका रात्रीत हिरवी झाल्यासारखी वाटते ना, ती याचीच कमाल. त्यावेळी झाडाला बाहेरून नत्राची काडीचीही गरज नसते. उतारावरून वाहून आलेलं खत खालच्या ओळींना मिळत होतं ते वेगळंच. म्हणून वरच्या मुरमाड पट्ट्यात जे खत पुरेसं होतं तेच खाली विषासारखं झालं.

आता पिवळ्या पानांबद्दल, कारण युरियाकडं हात जातो तो पिवळं पान बघूनच. पाऊस झाल्यावर पान पिवळं दिसलं की थांबा, कुठलं पान पिवळं आहे ते आधी बघा. मी एकदा शेंड्याचं पान तोडून उन्हाकडं धरून बघितलं, शिरा गडद हिरव्या, जाळीसारख्या, आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा. खालची जुनी पानं मात्र पूर्ण हिरवी. ही नत्राची कमतरता नाही, हा लोह कमी पडल्याचा प्रकार आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत पाणी साठलं की बायकार्बोनेट वाढतं आणि लोह जमिनीत असूनही मुळीला मिळत नाही. नत्र कमी असेल तर उलटं दिसतं, आधी खालची जुनी पानं सगळी सारखी फिकट होतात. जुन्या पानात शिरांच्या मधे पिवळं पडलं तर मॅग्नेशियम. तर लोहासाठी आपण युरिया दिला म्हणजे रोग एक आणि औषध दुसरं. पान थोडं हिरवं झाल्यासारखं वाटतं पण शेंडा पळायला लागतो आणि आत डोळ्यात घडाची बाळी होत असते. लोह द्यायचं तर जमिनीतून ईडीडीएचए चिलेट द्या, चुनखडीच्या जमिनीत ईडीटीए चिलेट टिकत नाही, दुकानात दोन्ही "चिलेटेड फेरस" म्हणूनच मिळतात म्हणून पाकिटावर वाचून घ्या. नाहीतर पानावरून फेरस सल्फेट. पण खरा उपाय म्हणजे पाणी काढणं, मुळीला हवा मिळाली की निम्मी पानं आपोआप हिरवी होतात.

मुळी बघायला फावडं लागतं, दुसरं काही नाही. खोडापासून दीड-दोन फुटावर बोदात (झाडांच्या ओळीचा मातीचा वरंबा) वीतभर उकरा. पांढरी, दोऱ्यासारखी, टोकाला चकचकीत मुळी दिसली तर बरं. तपकिरी, दाबली की साल सुटून हातात येते आणि मातीला कुबट वास, तर तिथं कितीही भारी खत सोडलं तरी ते झाड खाणार नाही. २०२४ च्या जूनमध्ये मी खालच्या ओळीत उकरलं तेव्हा नेमका हाच वास आला होता आणि तरीही मी त्या दिवशी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाशाचं विद्राव्य खत) सोडलं, कारण वेळापत्रकात लिहिलं होतं. वेळापत्रक कोरड्या वर्षासाठी लिहिलेलं असतं हे तेव्हा कळायला पाहिजे होतं.

२०२५ च्या एप्रिलपासून काय बदललं ते सांगतो. यातलं काही महाग नाही.

सगळ्यात पहिलं चर. खालच्या दर चार ओळींमागं दोन-अडीच फूट खोल चर काढून ओढ्याला जोडला, बोद उंच केले. जेसीबीचं एक दिवसाचं भाडं गेलं. तीन वर्षं औषधाला जे पैसे गेले त्याच्या मानानं हे काहीच नाही.

कोंबडखत बंद. शेणखत कुजवूनच, आणि तेही वरच्या पट्ट्यात जास्त, खाली निम्मं. खालच्या ओळींचा ड्रिपचा वॉल्व्ह वेगळा केला, आता वरचं आणि खालचं रान मी दोन वेगळ्या बागा समजून चालवतो. ज्याच्या रानाला उतार आहे त्यानं एवढी एक गोष्ट केली तरी फरक दिसेल.

नत्र जे काय द्यायचं ते खरड छाटणीनंतर पहिल्या ३० ते ३५ दिवसांत, फूट वाढून पानं होईपर्यंत. त्यानंतर बंद म्हणजे बंद. आणि इथं फसायला होतं, कारण युरिया बंद केला तरी नत्र दुसऱ्या नावानं जात असतं. १९:१९:१९ मध्ये १९ टक्के, १३:०:४५ मध्ये १३, १२:६१:० मध्ये १२, कॅल्शियम नायट्रेटमध्ये आहेच, अमिनोची फवारणी, मळीची स्लरी, सगळं मोजा. ४० दिवसांनंतर स्फुरदासाठी मी ०:५२:३४ वर गेलो, त्यात नत्र शून्य. ७० दिवस झाले की काडी पिकवायला पालाश, ०:०:५०. आणि पाऊस झाला असेल तर वाफसा येईपर्यंत ड्रिपमधून काहीही सोडायचं नाही, स्फुरद पण नाही. चिखलात खत टाकून ते फक्त ओढ्याला जातं.

देठ परीक्षण आता करतो, खरड छाटणीनंतर ४५ व्या दिवसाच्या आसपास तळातून पाचव्या पानाचा देठ. पानाचा नाही, देठाचा. त्यात नत्र जास्त आलं तर निदान पुढचं थांबवता येतं.

शेंडा. पावसाळी वातावरणात नुसतं सबकेन (शेंडा मारून पुढच्या फुटीवर काडी वाढवणं) करून भागत नाही. सबकेनच्या पुढं फूट पळायला लागली की परत शेंडा मारायचा, बगलफूट दर आठवड्याला काढायची. मजूर मिळत नाहीत, माहिती आहे, आमच्याकडं पण घरातले चौघे मिळून काढत होतो. पण हे टाळलं की डोळ्यावर सावली पडते, आणि सावलीतल्या डोळ्यात घड बसत नाही, कधीकधी मधला मुख्य डोळाच मरतो. तपासायची सोपी खूण सांगतो, भर दुपारी १२ ला मांडवाखाली उभं राहून जमिनीकडं बघा. जमिनीवर उन्हाचे कवडसे जागोजागी नाचताना दिसले पाहिजेत. खाली गार, अंधारं वाटत असेल, मांडवाखाली डबा खायला बसावं असं वाटत असेल तर फुटी जास्त झाल्यात, विरळणी करा.

६-बीए, यूरासिल, सीसीसी या फवारणीच्या औषधांचे डोस मी इथं मुद्दाम देत नाही, व्हरायटी, खुंट आणि काडीची वाढ बघून ते बदलतात आणि निर्यातीचा माल असेल तर रेसिड्यूचा (मालात राहणाऱ्या औषधाच्या अंशाचा) प्रश्न येतो. तुमच्या सल्लागाराला नाहीतर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याला धरून चाला. पण एक सांगतो, मुळी बंद आणि नत्र चालू असताना ही औषधं मारणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. ती मदत करतात, पण नळ आधी बंद करावा लागतो.

खरड छाटणी लवकर घ्यावी का, हे सगळेच विचारतात. २० मार्चला घेतली तर ४० ते ७० दिवस २९ एप्रिल ते २९ मे असे येतात, म्हणजे नेहमीच्या वर्षी बराचसा काळ उन्हात जातो. फायदा आहेच. पण माल फेब्रुवारीत उतरला असेल, वेलीला पंधरा-वीस दिवस विश्रांती मिळाली असेल आणि मार्च-एप्रिलला पाण्याची खात्री असेल तरच. आमच्याकडं म्हैसाळ, टेंभू उपसा योजनांच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटतं त्यावर बरंच अवलंबून असतं. ज्यांचा माल बेदाण्याला जातो त्यांना एवढ्या लवकर जमत नाही, त्यांनी ओढून ताणून करू नये, थकलेल्या वेलीवर लवकर छाटणी घेतली तर फूटच मागंपुढं होते.

पुढं जुलै ते सप्टेंबरला पान टिकवायचं. डाऊनी, करपा, भुरी या रोगांनी पान गळालं तर काडीत साठा होत नाही आणि मग बसलेला घड पण ऑक्टोबरला जिरतो. म्हणजे डोळ्यात घड होता, पण त्याला बाहेर येताना खायला काही नव्हतं. जास्त नत्राची लुसलुशीत पानं डाऊनीला लवकर बळी पडतात, तिथं पण तेच नत्र आडवं येतं.

आणि फळछाटणीच्या आधी काडी तपासून घ्या, हे हात जोडून सांगतो. वरच्या, मधल्या, खालच्या भागातल्या काड्या वेगवेगळ्या बांधून, चिठ्ठी लावून तपासणीला न्या. मी गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी ब्लेडनं डोळा उभा चिरला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. वरच्या ओळीच्या काडीत पाचव्या डोळ्यात चक्क बारीक मण्यांचा गुच्छ दिसत होता, पांढुरका, द्राक्षाच्या घडासारखाच, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. ओढ्याकडच्या काडीत त्याच जागी मधला भाग तपकिरी, मेलेला, आणि बाजूचे दोन डोळे रिकामे. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी औषधं बदलत होतो ते जूनमध्येच मेलेलं होतं. तपासणीमुळं निदान कुठं कापायचं ते कळतं. काही काड्यांत घड सबकेनच्या गाठीच्या पुढं सातव्या-आठव्या डोळ्यावर होता, तिथं नेहमीसारखं गाठीजवळ कापलं असतं तर आहे तो घडही कैचीनंच गेला असता. त्या ओळींत काडी लांब ठेवली.

आता समजा तुमची छाटणी होऊन गेलीय आणि आत्ता बाग पोंग्यात (नवीन फूट नुकती उमलण्याच्या अवस्थेत) आहे, घड बारीक दिसतायत. तर नत्र पूर्ण बंद, पाणी वाफशावर आणा, पाऊस असेल तर ड्रिप बंदच. घड दिसायला लागले की वांझ फुटी लवकर काढा, त्या उगाच साठा खातात, फक्त ओलांड्यावर (खोडाच्या आडव्या फांदीवर) जागा रिकामी पडत असेल तिथं पुढच्या वर्षासाठी एखादी ठेवा. जी बाळी झालीय तिचा घड आता होत नाही, कुणी बाटली दाखवून होतो म्हणालं तर पैसे घालवू नका. जे गोळी घड आहेत तेवढे वाचवता येतात.

पावसाची नोंद स्वतःची ठेवा. महसूल मंडळाच्या केंद्रावरचा आकडा मिळतो, पण वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि शेजारच्यात नाही. सरळ उभ्या कडेचा पत्र्याचा डबा मांडवाबाहेर उघड्यावर ठेवा, सकाळी पट्टी बुडवून मिमी मोजा, वहीत तारीख आणि त्या दिवशी सोडलेलं खत शेजारी-शेजारी लिहा. दोन वर्षांची वही समोर असली की सल्लागाराशी बोलताना अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

२०२५ च्या ऑक्टोबरला परत तेच पाच-पाच झाडं मोजली. एवढा पाऊस होऊनही वरच्या ओळींत ३० च्या आसपास घड, म्हणजे तिथं थोडे कमीच झाले, ऊनच नव्हतं त्याला इलाज नाही. मधे २६-२७. ओढ्याकडं जिथं ८ ते १२ होते तिथं २२ ते २४. मोजून झाल्यावर वही आईच्या हातात दिली, तिनं सगळे आकडे बोट ठेवून वाचले आणि म्हणाली, "शेवटच्या दोन ओळी ऱ्हायल्या की रे." खरंच राहिल्यात, तिथं अजून १४-१५ च घड आहेत. ओढ्याला पाणी चढलं की चराचं तोंड तुंबतं आणि पाणी उलटं आत येतं. माल उतरला की तिथला चर खाली वळवून पुढच्या उताराला काढायचाय, आणि तोपर्यंत त्या दोन ओळींचा वॉल्व्ह पण वेगळा करतोय.